चिंचेवरची वाघळं आणि आबांचे पेरू

आमच्या शाळेमागच्या चिंचेखाली बिया साठतात तसे आमच्या मंडळात किस्से साठतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, वरून पडत राहतात! एकीला काही आठवलं की दुसरी म्हणते, "आणि ते नारळाचं?" मग तिसरीला हेडसरांची कवळी आठवते आणि मधली सुट्टी संपते. जुबेदा सगळ्यांत छान सांगते, पण सांगताना स्वतःच इतकी हसते की शेवट कोणालाच ऐकू येत नाही. हौसा सांगते तेव्हा दर वेळी गोष्ट थोडी लांबते. मी सांगतच नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच बसून राहतो. कोणाच्या डोळ्यांकडे बघायचं मला जमत नाही, म्हणून मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

शेवटी दोघींनी ठरवलं, "शालू, तूच लिही. लिहिताना कोणी तुझ्याकडे बघत नाही."

म्हणून लिहिते आहे. हौसाने लांबवलेलं मी पुन्हा आखूड केलं आहे.

* * *

मंडळ सुरू झालं ते आबांमुळे.

आबा म्हणजे पुनावळ्याचे मोठे बागाईतदार. नदीपलीकडे त्यांची पेरूची बाग आहे. शाळेची घंटा त्यांनीच दिलेली, त्यामुळे ते आले की हेडसर खुर्चीतून उठतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात ते आले. मी फळ्याचं फडकं आणायला गेले होते ती हेडसरांच्या दारातच अडकले.

"सर," आबा म्हणाले, "तुमच्या चिंचेवरची वाघळं माझ्या बागेत जेवायला येतात. रोज सकाळी बघावं तर झाडाखाली चावलेले पेरू! घरातनं सारखा लकडा लागलाय, बंदोबस्त करा, बंदोबस्त करा. आता मी पुण्याच्या कँपातनं बंदूकवाले बोलावतो. एका दिवसात झाड मोकळं!"

हेडसरांना वाघळं आवडत नव्हतीच. त्यांच्या काळ्या टोपीवर ती आपली आठवण ठेवून गेलेली होती. "हरकत नाही" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "ती पेरूच खातात, हे कोणी पाहिलं?"

त्या बापट बाई. आम्हाला शास्त्र शिकवतात. रोज पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीने येतात आणि चिंचवडला उतरून चालत शाळेत पोचतात. बी.एस्सी. आहेत.

"म्हंजे?" आबा म्हणाले.

"म्हणजे ती काय काय खातात, हे कोणी बघितलंय का?"

"आता वाघळं काय जेवतात हे बघायला त्यांच्या पंगतीत वाढपी म्हणून जायचं का, बाई?"

हेडसर मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. "वाढपी कशाला? उष्टं काढणारी बाई असली तरी तिला सगळं कळतं."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी ते म्हणाले, "बरं, संक्रांतीपर्यंत थांबतो. काय ते उष्टं काढा. त्यानंतर माझ्या बंदुका!"

ते गेल्यावर बाईंनी दारात मला पाहिलं. रागावल्या नाहीत. "संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत माद्यांना पिल्लं होतात," त्या म्हणाल्या. "पिल्लू आईच्या पोटाला बिलगून असतं. एक गोळी आणि दोन जीव." मग विचारलं, "तू येशील का माझ्याबरोबर?"

मी मान डोलावली. बाईंनी जुबेदाला घेतलं, कारण तिच्या अब्बांचं स्टेशनजवळ डबे-कंदील दुरुस्त करायचं दुकान आहे आणि आम्हाला डबे लागणार होते. हौसाला घेतलं, कारण ती कशालाच भीत नाही. मला का घेतलं, ते हौसाने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ही बोलत नाही. म्हणजे बघत असणार."

* * *

पहिलं काम म्हणजे चिंचेखाली पांढरी कापडं पसरायची आणि वरून काय पडतं ते गोळा करायचं. चिंच निवडून वाघळांनी आमच्यावर उपकारच केले होते, असं बाई म्हणत. वडाखाली वडाची बी सापडली तर ती वडाचीच. पण चिंचेखाली उंबराची बी सापडली, तर ती कोणीतरी पोटातून आणलेली!

माझ्या आईने अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, विरलेलं धोतर दिलं. जुबेदाने चादर आणली. हौसाने आजोबांचं धोतर आणलं. चांगलं घट्ट, पांढरंशुभ्र.

"एवढं नवं कसं गं दिलं तुझ्या आज्ज्यानं?" जुबेदाने विचारलं.

"दिलं न्हाई. आणलं," हौसा म्हणाली.

एकादशीच्या सकाळी तिचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. त्यांनी कापडावरचे काळे-जांभळे डाग बघितले. मग वर चिंचेकडे बघून म्हणाले, "माजं आळंदीला जायचं धोतार. आता तुमीच जावा नेसून!"

* * *

कापडं पसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका धोतरावर हळदकुंकू आणि नारळ. तिसऱ्या दिवशी दोन नारळ, उदबत्ती आणि पाच खारका. झाडाखाली कोणी पांढरं वस्त्र अंथरलंय म्हणजे नवस असणार, असं वाडीतल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी शांतपणे आम्हाला सांगितलं, "लिहा. कापडावर नारळ आढळला. वाघळांशी संबंध आढळला नाही."

"आणि नारळाचं काय करायचं, बाई?" जुबेदा.

"तुम्हाला भूक लागली आहे का?"

लागली होती!

खोबरं खात होतो तेवढ्यात एक म्हातारी आली. तिने लांबूनच हात जोडले आणि विचारलं, "कंच्या देवाचं ठाणं हाय, माय?"

हौसाच्या तोंडात खोबरं. माझा आवाज घशात. जुबेदा म्हणाली, "संशोधनाचं."

म्हातारीने कपाळ टेकवलं. "जागृत हाय का?"

बाई मागून म्हणाल्या, "अजून झोपलंय, आजी. आम्ही उठवतोय."

* * *

कापडावर पडलेलं सगळं डब्यांत पेरायचं होतं. कोणती बी कशाची हे नुसतं बघून सांगता येत नाही, उंबराची बी तर राजगिऱ्याहून बारीक. उगवलं की आपोआप नाव सांगेल, असं बाईंचं म्हणणं. पण मातीतच आधीची बी असली तर? म्हणून माती भाजून घ्यायची. हौसाच्या आईने चुलीवरच्या तव्यात माती परतणाऱ्या आम्हाला पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली, "अगं ये, बघ! शाळेत आता सैपाक बी शिकवाया लागल्यात!"

डब्यांची रांग व्हरांड्याच्या उन्हाच्या कडेला लावली. एका डब्यात मात्र नुसती भाजलेली माती, दुसरं काही नाही. त्यात काही उगवलं, तर आपलं भाजणं कच्चं.

आणि उगवलं! सगळ्यांच्या आधी त्याच डब्यात हिरवे कोंब. बाईंचा चेहरा पडला. सगळी मेहनत फुकट, माती पुन्हा भाजा, डबे पुन्हा भरा, आणि संक्रांत काही थांबत नाही. मी वाकून वास घेतला. कोथिंबीर.

हेडसर तेवढ्यात चष्मा पुसत आले. "तो एकच डबा रिकामा राहिला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरी विसरल्या. चार धने टाकले मी."

बाईंनी लगेच नवा डबा भरला आणि त्यावर खडूने लिहिलं, 'विसरलेलो नाही.'

* * *

याच डब्यांवरून दिपोटीसाहेबांचा किस्सा.

शाळा तपासायला दिपोटी आले. हातात छडी, कोट, मागे हेडसर. व्हरांड्यातली रांग पाहून साहेब खूश. "वा! बागकाम! खेड्यातल्या मुलींनी हेच शिकलं पाहिजे!" त्यांनी एका डब्यातली ढेप उचलली, बोटांनी चुरली, नाकाशी नेली. "काळीभोर! उत्तम खत आहे हो. कोणतं?"

हेडसर आकाशाकडे बघू लागले. बाई तासावर होत्या. साहेबांनी छडी माझ्याकडे केली. मी जुबेदाकडे बघितलं.

"वाघळाची शी, साहेब," जुबेदा अगदी नम्रपणे म्हणाली.

साहेबांचा हात नाकाजवळच राहिला. "आणि... बी कोणतं पेरलंय?"

"त्यातलंच, साहेब!"

आमच्या शाळेची तपासणी इतक्या लवकर कधी आटोपली नव्हती. शेऱ्यात मात्र साहेबांनी 'बागकाम समाधानकारक' असं लिहिलं. हात धुऊन लिहिलं.

* * *

मग खरंच उगवू लागलं. आधी उंबर. मग पिंपळ, नांद्रुक. टाचणीच्या डोक्याएवढी पानं! बाई रोज गाडीतून उतरल्या की पिशवी न ठेवता आधी डब्यांकडे जायच्या. चिंचेखालच्या कापडावरून उंबराचं रान उठत होतं, आणि नुसत्या मातीच्या डब्यात काहीही नव्हतं. आम्ही जिंकत होतो!

एका सकाळी मला एका डब्यात वेगळं रोप दिसलं. पानं समोरासमोर, खोड चौकोनी. आमच्या परसात तेच झाड आहे. पेरू.

हौसाने इकडेतिकडे पाहिलं. "उपट."

"कशाला?" बाई मागेच उभ्या होत्या.

"बाई, आबा हे बघतील तर म्हणतील, झालं! खातातच पेरू!"

"खातातच," बाई म्हणाल्या. "आपण वाघळांचे वकील नाही, हौसा. आपण साक्षीदार. पाहिलं ते सगळं सांगायचं."

जुबेदा गप्प बसणारी नाही. "पण बाई, साक्षीदार खरं सांगून घरी जातो. फाशी वाघळांना!"

बाईंनी मान वर केली. वर चिंचेवर वाघळं पंख हलवून वारा घेत होती.

"अर्धं खरं आबांकडेही आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पण अर्धंच राहिलं, तर मग बंदूक ज्याच्याकडे तो जिंकणार."

रोप राहिलं. डब्यावर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पेरू'. तो डबा त्यांनी रांगेत सगळ्यांत पुढे ठेवला.

* * *

हौसाचे आजोबा धोतराचा राग विसरले ते त्याच सुमाराला. हौसाने त्यांना उंबराची रोपं दाखवायला आणलं.

आजोबा म्हणाले, "आमच्या हिरीवरचं उंबर कुनी लावलं ठावं हाय का? कुनीच न्हाई. देवानं लावलं."

"आज्जा, देवानं न्हाई. वाघळानं," हौसा म्हणाली.

आजोबा डब्यात बघत बसले. धोतरावरचे डाग आठवले असतील, विहिरीवरची सावली आठवली असेल. मग म्हणाले, "आसंल. देव काय समदं सोताच्या हातानं करतोय व्हय? त्याचा बी गडी आसंलच की!"

तेव्हापासून हौसाच्या घरी वाघळाला 'देवाचा गडी' म्हणतात. आणि तो घरच्या गड्यासारखाच, पगार न मागता, रात्रपाळी करतो, असं माझे अण्णा म्हणतात. अण्णा पिंपरीच्या नव्या कंपनीत आहेत, त्यांना रात्रपाळीचं फार वाटतं.

* * *

पेरूच्या बागेत आम्ही नदी ओलांडून गेलो त्याची गोष्ट राहिली.

बाईंचं म्हणणं, डबे झाले, आता चावलेले पेरूही बघू. आबांनी "या की" म्हटलं, पण त्यांच्या तोंडावर आनंद दिसला नाही. सोनाकाकींच्या दिसला. सोनाकाकी म्हणजे आबांच्या घरातल्या, त्यांच्या पत्नी. त्यांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि टोपलीभर चावलेले पेरू पुढ्यात ओतले.

"बघा! बघा ह्या मेल्यांचे उद्योग! पहिल्यांदा चावलेला पेरू सापडला तवा मी ह्यांनाच विचारलं, कुनी खाल्ला वो? हे म्हनाले, वाघळांनी. मी म्हटलं, मग मारा त्यांना! तवापासनं रोज सांगतीय. हे आपले आज करतो, उद्या करतो."

आबांना खोकला आला.

"ह्यांना तर वैद्यांनी पेरू तोंडाला लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय," काकी म्हणाल्या. "दमा हाय. सोताची बाग आसून बिचारे शिवत न्हाईत. आन् ह्या वाघळांना कुनाचं पथ्य न्हाई!"

आम्ही पेरू निवडायला बसलो. पोपटाने चोचीने टोकरलेले. खारीने कुरतडलेले, कडेला बारीक रेघा. वाघळं पेरू बहुतेक उचलूनच नेतात, पण काही झाडांखाली त्यांचे चोथे होते. रस शोषून थुंकलेले, वाळून हलके झालेले. म्हणजे वाघळं येत होती, खोटं नाही. पण एक ढीग वेगळाच राहिला. मोठा, रुंद, सफाईदार चावा. आणि त्या चाव्याच्या मधोमध, जरा डावीकडे, गराची एक भिंत उभी राहिलेली. प्रत्येक पेरूत तीच भिंत.

"हे मला ओळखता येत नाही," बाई म्हणाल्या.

"वाघूळच!" आबा घाईने म्हणाले. "मोठा नर असंल."

"आबा, वाघळाचं तोंड एवढंसं. एवढा चावा घ्यायला वाघूळ बकरीएवढं लागेल."

"मग बकरी!"

"फांदीवर?" जुबेदाने विचारलं.

आबा म्हणाले, "पुनावळ्याच्या बकऱ्या लई चढेल!" आणि हसले. काकी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काय बी असू दे. संक्रांत झाली की बंदुका आल्या पायजेत."

* * *

ओळखता आलं नाही की बाईंना झोप येत नाही. "नमुने गोळा करा," त्यांनी सांगितलं. म्हणजे जो भेटेल त्याला पेरू द्यायचा, एक चावा घ्यायला लावायचा आणि पेरू परत आणायचा.

जुबेदाच्या बकरीने पेरू परत दिलाच नाही. हौसाच्या वासराने पेरू सोडून हौसाचा पदर घेतला. मग आम्ही तिघींनी एकेक चावा घेतला. कागदावर ओळीने ठेवून बघतो तर काय, त्या ढिगातल्या चाव्याची गोलाई आमच्यासारखीच! फक्त ती भिंत नव्हती.

"माणूस!" जुबेदा ओरडली. "बाई, वाघूळ नाही, माणूस आहे!"

"हळू," बाई म्हणाल्या. "कोण ते कळल्याशिवाय एक शब्द बाहेर नाही. उगाच एखाद्या गरिबावर आळ यायचा. आधी आणखी नमुने."

तेवढ्यात हेडसर आले. कोथिंबिरीपासून ते आमच्याशी फार प्रेमाने वागत होते. त्यांनी आपण होऊन पेरू उचलला आणि भला मोठा चावा घेतला. पेरू कच्चा होता. त्यांनी पेरू खाली ओढला, आणि पेरूबरोबर वरचे सगळे दात बाहेर आले!

हौसाने तोंडात पदर कोंबला. पेरूत रुतलेली कवळी कागदावर, आमच्या चाव्यांच्या ओळीत, नमुना होऊन बसली.

हेडसरांनी रुमाल तोंडावर धरला आणि दुसरा हात पुढे केला. "बापट बाई, हा नमुना... मला परत लागेल."

* * *

आता शेवटचा. हा जुबेदा अर्धाच सांगू शकते.

संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू ठेवायचं, ही कल्पना हेडसरांची. बाईंनी त्याला आमचं प्रदर्शन जोडलं. आणि वाण म्हणून काय लुटायचं? वाघळांनी पेरलेली रोपं! वाणाला कोणी नाही म्हणत नाही, आणि उंबर तर दत्ताचं झाड. व्हरांडा बायकांनी भरून गेला. चिंचवडच्या, वाल्हेकरवाडीच्या, नदीपलीकडच्या. जुबेदाची अम्मीही आली, तिने डबे पुसून चकचकीत करून दिले होते. जी ती डबा पदराखाली धरून विचारी, "खरंच का गं वाघळानं लावलंय?" एक बाई म्हणाली, "आमच्या शेताच्या ताली दर पावसाळ्यात फुटतात, बांधावर लावायला मला दोन द्या." डब्यांची रांग दुपारीच संपत आली. बाई एका खांबाला टेकून नुसत्या बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी शास्त्राच्या तासाला कधी पाहिला नव्हता.

शेवटी 'पेरू' लिहिलेला डबा उरला. तो सोनाकाकींनी उचलला. "आमचाच हाय," त्या म्हणाल्या. "परत आलाय."

मला वाटलं, झालं, काकी विरघळल्या. पण त्या आबांकडे वळल्या. आबा अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. "झाडं लावतात हे बरंच हाय," काकी म्हणाल्या. "पण म्हनून रोज टोपलीभर पेरू? आज सकाळचा बघा ह्यो." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक पेरू टेबलावर ठेवला. ताजा, पांढराशुभ्र चावा. मधोमध, जरा डावीकडे, भिंत.

"उद्याच सांगावा धाडा," काकी म्हणाल्या.

बाई हळूच म्हणाल्या, "काकी, हा चावा वाघळाचा नाही."

"मग कुनाचा?"

बाईंना सांगता येईना. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर आमचे नमुने मांडलेले होते: पोपटाचे, खारीचे, चोथे, आमचे तिघींचे, हेडसरांचा सुद्धा. जुबेदाने चांगल्या पेरूंचं ताट फिरवायला सुरुवात केली. "एक चावा घ्या, पेरू ठेवून द्या! शास्त्रासाठी!" बायका हसत हसत चावे घेऊ लागल्या. व्हरांडा पुन्हा खेळीमेळीचा झाला. कोणाचे दात पुढे, कोणाचे किडलेले, ज्याची त्याची थट्टा.

आबाही हसले. मोठ्याने, तोंड उघडून.

मी तोंडाकडेच बघते, ते लिहिलंच आहे. वरचा, समोरचा, डावीकडचा एक दात नव्हता.

मी जुबेदाच्या हातून ताट घेतलं आणि आबांपुढे नेऊन धरलं.

"छे छे," आबा म्हणाले. "मला पथ्य हाय."

"एवढे सगळे घेतायत," हेडसर म्हणाले. "आपण तर अध्यक्ष!"

"घ्या वो," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "इतके दिवस शिवला न्हाईत. एका चाव्यानं काय व्हतंय? मी देतीय ना."

आबांनी पेरू उचलला. इकडेतिकडे पाहिलं. मग मान तिरकी केली आणि पेरू दाढेशी नेला.

माझा आवाज कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांना ऐकू गेला एवढं खरं.

"आबा, समोरच्या दातांनी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे. आबांचा पेरू दाढेजवळच थांबला होता. सगळा व्हरांडा वाट बघत होता. आबांनी डोळे मिटले आणि समोरच्या दातांनी चावा घेतला. घेतल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. ते इतक्या मनापासून चावत राहिले की बघणाऱ्याच्याही तोंडाला पाणी सुटावं.

मी पेरू त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावर, काकींनी आणलेल्या पेरूशेजारी ठेवला.

काकी पुढे आल्या. एका हातात त्यांनी सकाळचा पेरू घेतला, दुसऱ्या हातात आत्ताचा. दोन्ही वर धरून उजेडात बघितले. बराच वेळ बघितले. बाहेर चिंचेवर वाघळांची कलकल चालली होती.

मग दोन्ही पेरू खाली ठेवून त्यांनी पदर खोचला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अवो, ते कँपातले बंदूकवाले कधी यायचेत म्हनालात?"